चौथा नंबर

सोमवार
नोकरी लागली, तीही या वयात. साप्ताहिक मोबाईल-कॉम्प्युटरचं आणि मी सातवी नापास. काम मात्र सोपं. बातमीत ज्याचं नाव असेल त्याला फोन करायचा, छापणार ते वाचून दाखवायचं, बरोबर म्हणाला की लाल खूण. संपादकबाईंनी बजावलं, विचारल्याशिवाय खूण नाही. सूनबाई म्हणाली, बाबा, शंका काढून आमचं डोकं खाता, आता जगाचं खा.

मंगळवार
एका नव्या फोनची बातमी. चार्जिंगला असताना उचलला की पेट घेतो. मृत चार. तिघांच्या घरच्यांशी बोललो. चौथ्याचा नुसता नंबर होता. डबा निवत होता, छापखान्याची घाई होती. न विचारताच खूण केली.

बुधवार
अंक छापून आला. इस्पितळातून कळलं, मृत तीनच. चौथा नंबर लावला. एका माणसाने उचलला. हसला, म्हणाला, मेलो कुठे, ठणठणीत आहे, फोन जरा चार्जिंगला—
मग फट् असा आवाज. मग काहीच नाही.

गुरुवार
आता मृत चार. बाई म्हणाल्या, बरं झालं, दुरुस्ती छापायला नको.
सूनबाईकडे तोच फोन निघाला, मुलाने आणलेला. चार्जिंगला असताना उचलू नको म्हणून विनवलं. म्हणाली, झालं का तुमचं सुरू?
दुपारी टेबलावरचा फोन वाजला. कालचाच आवाज. काका, विचारायचंच होतं तर आधी विचारायचं.

शुक्रवार
पुढच्या अंकाचं प्रूफ आलं. मृत पाच. उपसंपादक शपथेवर सांगतो, मी चारच लिहिले. खोडलं. नवीन प्रूफ काढलं. पाचच. शेजारी नंबर. तो मला पाठ आहे. सूनबाईचा.
फोन करून सांगावं तर—
नको. घरीच जातो.

उठवत नाही. रिसीव्हर कानाला आहे. मी उचलला नव्हता. डाव्या हातातून सुटत नाही, उजव्याने लिहितोय. तो आत बोलतोय. विचारल्याशिवाय खूण नाही, काका.

रिंग जातेय.

उचलू नको पोरी—

रिंग थांबली. तिचाच आवाज. हं, बाबा, बोला लवकर, चार्जिंगला आहे, पण तुमचा म्हणून उच