आईचे पाय

रविवार, संध्याकाळ

आईची पाठ दुखते म्हणून आज तिचं कॉम्प्युटरचं टेबल नीट लावून दिलं. सरकारी कचेरीत तीस वर्षं टायपिंग केलेली बाई. आता निवृत्तीनंतर स्वतःच्या आठवणी टाइप करते. कोपरं टेबलाच्या उंचीला यावीत म्हणून खुर्ची वर घेतली, तर तिचे पाय लोंबकळायला लागले. खाली पाट दिला. पावलं टेकली आणि ती वाकून त्यांच्याकडेच बघायला लागली.

"काय झालं गं?"

"कचेरीत कधी पाय टेकलेच नाहीत माझे. मला वाटायचं, माझीच उंची कमी."

तीस वर्षं! घरी आल्यावर "जरा पाय चेप" म्हणायची, तेव्हा मी कंटाळा करायचे. कसा करवला मला?

आज न सांगता चेपले. "पुरे," म्हणाली, पण पाय काढून घेतले नाहीत.