आक्काची हजेरी

३ मार्च, सोमवार, सकाळी
आक्का एम.एस्सी. नर्सिंग शिकत्याय. ब्लेंडेड लर्निंग म्हणं. तीन दिवस बेळगावला कॉलेजात, तीन दिवस फोनवर. फोनच्या दिवशी तिची हॉस्पिटलात ड्युटी असती, म्हणून क्लासला तिच्या जागी मी. कॅमेरा बंद. मॅडमनी आक्काचं नाव 'सुनयना' पुकारलं की दोन शब्द बोलायचे, प्रेझेंट मॅडम. हजेरी ऐंशी टक्के पायजे, न्हायतर परीक्षेला बसवत न्हाईत.
शाळेत माझा आवाजच निघायचा न्हाय. सर गैरहजर मांडायचे. नववीत शाळा सोडली. पण तिथं तोंडावर घ्यायला चादर नव्हती.

दुपारी २.१०
चादरीत शिरून बोलले. जमलं. आवाज आक्कापेक्षा बरा.

५ मार्च
आजपासून झोपायचं न्हाय. नोट्स काढायच्या.
२.२० ला डोळा लागला. चादर लई जाड हाय.

१० मार्च
अर्धी नर्स झालेच मी. आप्पांचा हात धरून बीपी बघितला. नॉर्मल हाय म्हटलं. आप्पा म्हणाले, मशीन कुठाय गं. अडाणी माणसाला काय सांगायचं.

१२ मार्च
मॅडमनी फॉर्म पाठवला. ब्लेंडेड लर्निंगवर विद्यार्थी किती समाधानी? आक्कानं फोन उचलला न्हाय, मीच भरला. नाव लिवायची गरज न्हाय असं होतं, तरी आक्काचं लिवलं. आपलं काम चोख.
समाधान: पाचपैकी पाच.
काय आवडलं: झोपून शिकता येतं.
सुधारणा: नाव घिऊन प्रश्न विचारू नये.
आधीचं शिक्षण: नववी, अर्धी.
खोटं कशाला लिवायचं.

१३ मार्च
मॅडमनी आक्काला विचारलं, नववी अर्धी, मग एम.एस्सी.ला कशी बसलीस? आक्का म्हणाली, फॉर्म धाकट्या बहिणीनं भरला, क्लासला रोज मीच असते. मॅडम म्हणाल्या, शनिवारी आण तिला, तिच्या तोंडून ऐकू दे.
आक्का मला म्हणाली, एकच वाक्य बोल गं बाई, न्हायतर माझी परीक्षा गेली. मी म्हटलं, तू झोप निवांत.

१४ मार्च
वाक्य: फॉर्म मी भरला, क्लास आक्कानंच केला.
म्हशीसमोर शंभरदा म्हटलं. म्हशीला पटलं. उद्या दोन वाक्यं जास्तीची बी बोलीन.

१५ मार्च, शनिवार, संध्याकाळी
आक्का नको म्हणत होती, तरी चादर पिशवीत घिऊन गेलते. वर्गात तीस पोरी. मॅडम म्हणाल्या, बोल बाळ. ओठ हलले, आवाज न्हाय. पिशवीत तोंड घालावं वाटलं.
मॅडम हसल्या. म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, लाजू नको, तुझ्या आक्काचं पटलं मला. जा, मागं बस.
म्हणजे न बोलता जिंकले. मागं बसले, पिशवी मांडीवर घेतली, डोळे मिटले. मॅडम हजेरी घ्यायला लागल्या.
सुनयना, म्हणाल्या.
आक्कानं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, प्रेझेंट मॅडम.
एकदम खणखणीत.