स्वयंपाकघर नसलेलं यान

आई, तुला तो भिंतीतला कोनाडा आठवतो का? अवकाशयानाच्या मालिकेतला. माणूस त्याच्यासमोर उभा राहून म्हणायचा, 'टोमॅटोचं सूप, गरम', की वाटी हजर. आपल्या औरंगपुऱ्यातल्या घरात केबल नुकतीच आली होती आणि ती मालिका नेमकी तुझ्या पोळ्यांच्या वेळेला लागायची. निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तू खुलताबादेत उर्दू गिरवत होतीस. पुढं शाळाच सुटली, इंग्रजीपर्यंत तू पोचलीच नाहीस. मी कॉन्व्हेंटची. त्यामुळं मी बाहेर पलंगावर बसून मोठ्यानं मराठीत सांगायचे आणि तू स्वयंपाकघरातून ऐकायचीस.

एकदा केलेल्या पदार्थाचा कण न् कण ते यंत्र लक्षात ठेवतं आणि पाहिजे तेव्हा तसाच्या तसा पुन्हा घडवतं, हे मी तुला समजावलं. "मिठासकट?" तू विचारलंस. "मिठासकट." "आणि उष्टी ताटं कुठं टाकतात?" "त्याच कोनाड्यात ठेवायची. ती विरघळतात, त्यातूनच पुढचं जेवण होतं." लाटणं थांबलं. "म्हणजे उष्टंच की गं ते." कणांना उष्टं-खरकटं नसतं, असं मी ऐकवलं. "सिस्टरनी शिकवलं का हे तुला?" तू म्हणालीस, आणि बाबा पेपरामागून हसले. दोन-तीन पोळ्या झाल्यावर पुन्हा तुझा आवाज आला, "तिथं भांडी कोण घासतं?" "कुणीच नाही." "कुणीच?" "कुणीच." तू तव्यावरची पोळी उतरवलीस. मग म्हणालीस, "असू दे मग उष्टं."

आता मी उस्मानपुऱ्यात राहते. ती मालिका आवडणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे, त्यात मी सगळ्यांत म्हातारी. तिथली मुलं लिहितात, यंत्राच्या जेवणाला हाताची चव नाही, रोज अगदी तेच मीठ. मालिकेतली माणसंही तशीच कुरकुर करतात. मला ते पटत नाही आणि मी तसं स्पष्ट लिहिते. हाताची चव म्हणणाऱ्यांनी तो हात कुठं उभा होता ते आधी बघावं. त्या यानात कोनाडा बसायच्या खोलीतच असतो. त्याच्यामागं दुसरी खोली नाही, जिथं कुणी एकटं घामाघूम होतंय. एकानं विचारलं, पण मूळ पदार्थ कुणीतरी रांधलाच असेल ना? मी लिहिलं, हो, एकदा रांधला आणि मग ती बाहेर येऊन बसली. तुझी शेपूची भाजी मला त्या यंत्रातून चालली असती. थोडी कमी चांगली लागली असती, तरी चालली असती.

एका गोष्टीचे दोन भाग होते. यानावरची डॉक्टरीण शत्रूच्या तावडीत सापडली आणि पुढचं कळायला आठवडा थांबायचं होतं. तांदूळ निवडताना तू विचारायचीस, "सुटंल का गं ती?" दुसऱ्या भागाच्या दिवशी तू पोळ्या लवकर उरकल्यास आणि पदराला हात पुसत माझ्याशेजारी येऊन बसलीस. पहिल्यांदाच. मी हळू आवाजात सांगतेय, तू मान हलवतेयस, पडद्यावरून नजर काढत नाहीस. तेवढ्यात बाबांच्या ऑफिसातले दोघं येतात. बाबा म्हणतात, "चहा टाका गं कुणीतरी." घरात बायका आपण दोघीच. मी ऐकलंच नाही असं दाखवते. तू उठतेस.

ती सुटली तेव्हा तू आतून विचारलंस, "काय झालं गं?" "काही नाही, सुटली," मी म्हणाले. कशी सुटली ते सांगायला पाच मिनिटं लागली असती. "बरं झालं," तू म्हणालीस, आणि कपबश्या वाजल्या.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, टाकून ते जाणार कुठं. गटावर मी सगळ्यांना उत्तरं देते, पण ही संध्याकाळ तिथं कधी लिहिली नाही. मला चहा करता येत होता, आई. मला फक्त उठायचा कंटाळा आला होता.