पळसाच्या माणसाला अग्नी

अंकुशनगर, ता. अंबड, जि. जालना
१४ डिसेंबर २०२५

प्रेमभाऊजींना,
शालूवहिनीचा नमस्कार.

इकडे आम्ही तिघी ठीक आहोत. आईंच्या गुडघ्याचं जुनं दुखणं चालूच आहे. कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यापासून रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते आणि अंगणात काजळी पडते, पांढरं काही वाळत घालायची सोय नाही. आकांक्षाचे पेपर बरे गेले म्हणते. प्रीतीची तब्येत कशी आहे? तिला या दिवसांत जड काही उचलू देऊ नका.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण घाटावरून गेल्यापासून मी फोन केला की तुम्ही मिटिंगमध्ये असता. रविवारीसुद्धा असता. मंग म्हटलं, कागदाला काही तुम्ही मिटिंग सांगू शकणार नाही.

तुमचं चॅनल मी बघते बरं का. आकांक्षा मोबाइल डब्याला टेकवून देते, मी पोळ्या लाटत ऐकते. तो अमेरिकेतला विमान पळवणारा आता मला शेजारच्यासारखा माहीत झालाय. कोट-टाय घालून चारचौघांसारखा विमानात बसला, जवळ बॉम्ब आहे म्हणाला, पैसे आणि पॅराशूट मागवून घेतलं, आणि मागच्या जिन्यावरून अंधारात, पावसात उडी टाकली. तिकिटावरचं नावही खोटं. पन्नासच्या वर वर्षं झाली, अजून त्याचा पत्ता नाही. कुणी म्हणतं जंगलात पडून मेला, कुणी म्हणतं दुसऱ्या नावानं म्हातारा होईपर्यंत जगला. नदीकाठच्या वाळूत सडक्या नोटा सापडल्या, त्या वाहत आल्या की कुणी मुद्दाम पुरल्या, यावर तुम्ही एक अख्खा भाग केलात. छान बोलता तुम्ही. लहानपणी मुखदुर्बळ होता, आई सांगतात.

तुमच्या सख्ख्या भावावर मात्र एकही भाग नाही.

त्यांच्याबद्दल इथे तर्क काही कमी नाहीत. गोदावरीत बुडाले, हा एक. साधूंच्या मागे गेले, हा दुसरा. सुरतेला बाई ठेवली, हा तिसरा, आणि हा सांगताना लोक माझ्या तोंडाकडे बघतात. पोलिसांनी पहिला धरला, कारण शहागडच्या पुलावर चप्पल सापडली होती. ती चप्पल पिशवीत घालून तुम्हीच घरी आणली होती. तेव्हा तुम्ही कॉलेजात होता. चप्पल आईंच्या पुढ्यात ठेवली आणि लगेच तोंड धुवायला गेलात, तर अर्धा तास बाहेर आला नाहीत. मला वाटलं, पोरगं रडतंय. मी तुमच्यासाठी चहा टाकला होता.

मधली वर्षं कशी गेली ते लिहीत नाही, तुम्ही दिवाळीला येऊन बघतच होता. एक मात्र तुमच्या नजरेत आलं नसेल, बायांचं असतं ते. संक्रांतीला कॉलनीतल्या बाया हळदीकुंकवाला घरोघर बोलावतात. माझ्या दारापाशी आल्या की त्यांची पावलं अडखळायची. हिला बोलवावं तर कसं, न बोलवावं तर कसं. मीच बिचाऱ्यांची सोय केली आणि त्या दिवसांत दार लावून बसू लागले.

बारा वर्षं झाली की पळसाचा पुतळा करून अग्नी द्यावा, हा आईंचा हट्ट. लेकराचा जीव अधांतरी लटकलाय, त्याला वाट मिळाली पाहिजे, म्हणायच्या. तुम्ही फोनवर हसला होता. अंधश्रद्धा म्हणालात. आईंनी अन्न सोडलं तेव्हा आलात.

घाटावर बद्रीनाथ गुरुजी पुतळा बांधत होते, तेव्हाही तुमचं शूटिंग चालू होतं. मला राग नाही आला. नारळाचं डोकं, पळसाच्या देठांचे हातपाय, वर पांढरं कापड. एवढ्याशा त्या माणसाला आईंनी छातीशी धरलं, तेव्हा मोबाइल तुमच्या खिशात गेला. गुरुजी म्हणाले, मुलगा नाही, तर भावानं अग्नी द्यायचा. पेटती काडी तुमच्या हातात दिली. तुमच्या बाबांना अग्नी दिलात तेव्हा मी तुम्हाला पाहिलं होतं, हात ठाम होता. त्या दिवशी मात्र तो पुतळ्यापर्यंत गेलाच नाही. काडी पाण्यात टाकलीत आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात,

"मह्या हातानं न्हाई होणार, वहिनी. पाप लागंल मला."

आणि गाडीत बसून निघून गेलात. आईंना वाटलं, भावाच्या मायेनं कोलमडला. सगळ्यांनाच तसं वाटलं.

मला नाही वाटलं. भाऊजी, मेलेल्याला अग्नी देण्यात पाप कसलं आलं? ते तर कर्तव्य असतं. आणि पुतळा जाळण्याला जो माणूस अंधश्रद्धा म्हणतो, त्याला नुसती पानं पेटवायला काय हरकत होती? जिवंत माणसाच्या नावानं अग्नी द्यायचं पाप असतं. त्याच पापाला तुम्ही भ्यालात. घाटाच्या पायरीवर उभ्या उभ्या मला सगळं दिसलं.

घरी येऊन मी तुमचा शेवटचा भाग पुन्हा लावला. त्यात तुमचं म्हणणं असं, की उडी मारणारा एकटा नव्हताच. खाली कुणीतरी गाडी घेऊन उभं असणार, आणि त्यानं जन्मभर तोंड मिटून ठेवलं असणार. मोठं काम उडीचं नाही, त्या गप्प बसणाऱ्याचं, असं तुम्ही म्हणालात. अभिमानानं म्हणालात. पहिल्या वेळी मी मान डोलावली होती.

कुठे आहेत ते, हे मी विचारत नाही. कुणाबरोबर आहेत, तेही नको. का गेले, एवढं एक विचारायचं होतं, रोज विचारायचं होतं, आता तेही राहिलं नाही. तुमचा मात्र मला फार राग आहे. त्यांनी एकदा सोडलं. तुम्ही दर दिवाळीला माझ्या हातचं खाल्लं, आईंना रडताना बघितलं, आकांक्षा "काका, पप्पा भेटतील का" विचारायची तेव्हा तिला मांडीवर घेऊन "शोधू आपण" म्हणालात. असं कसं जमलं तुम्हाला? मी नवऱ्याला एक वेळ विसरेन, तुम्हाला नाही.

तुम्ही गेल्यावर गुरुजी खोळंबले. आकांक्षा पुढे झाली. तिला यातलं काही माहीत नव्हतं, आजही नाही. म्हणाली, "द्या इकडं. मीच लेक हाय त्यांची." तिचा हात हलला नाही. पळस ओला होता, धूर फार झाला, पण शेवटी नीट पेटला. आईंनी नदीला हात जोडले आणि म्हणाल्या, "सुटलं माझं लेकरू." त्या दिवसापासून त्यांना झोप लागते. त्यांची ही झोप मोडायची नाही. खरं सांगून मन हलकं करायची हुक्की आली, तर ते प्रीतीपाशी करा, या उंबऱ्याच्या आत नको.

तुमचं त्यांच्याशी बोलणं होत असेलच. माझा एवढा निरोप द्या. लेकीनं अग्नी दिलाय, तेराव्याला गाव जेवलंय, कावळा पहिल्याच घासाला शिवला. इथे त्यांचं काही राहिलेलं नाही. पुढे म्हातारपणी घर आठवलं आणि ते दारात येऊन उभे राहिले, तर मी त्यांना ओळखणार नाही, आणि हे रागानं नाही, विधीप्रमाणे.

तुम्ही दिवाळीला येत जा. आई वाट बघतात. मी वाढेन, पण माझ्याशी बोलू नका.

गं. भा. शालू कल्याण तौर