मोनालीच्या सायकलचं फ्रीव्हील

१ डिसेंबर २०२४, रविवार

मोनाली पडली. हनुवटीला चार टाके. समोरच्या दाताचा कोपरा उडाला. उजवा गुडघा सुजून भोपळा!

सकाळी सातला नाल्याजवळच्या दगडांवर गेली होती, नेहमीसारखी. मी सोबत होती, थर्मासमध्ये चहा घेऊन. थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. ती त्या बिनसीटच्या सायकलवर मागच्या चाकावर उभी राहिली. आता पायडल दाबून कमरेएवढ्या दगडावर उडी मारणार, आणि पायडल फुकट फिरलं! पाय खाली गेला, हनुवटी हँडलवर आदळली. रक्त पाहून माझ्या हातातला थर्मास कुठं पडला ते आठवत नाही.

दवाखान्यात डॉक्टर टाके घालता घालता म्हणे, "सून का तुमची? सासूबाईनं ढकललं तर नाही ना?" सगळे हसले. मोनाली पण हसायला गेली आणि कळवळली.

२ डिसेंबर, सोमवार

माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर विचारणारेच जास्त. शेजारच्या सुमित्राबाई तर बाकड्यावरच बसून राहिल्या. "सायकलवरून दगडावर उड्या मारायच्या? कायले वं? रस्ता नाही का?"

मी समजावलं. हा खेळ आहे, ट्रायल्स म्हणतात. बसायचं नाही, म्हणून सीट नाही. दगड, ओटे, लाकडाचे ओंडके, सगळ्यावरून उभ्यानं जायचं. जमिनीला पाय लागला की गुण गेले. मोनाली लग्नाआधी नागपूरला शिकली. दोन फेब्रुवारीला तिथंच स्पर्धा आहे. नाव पण दिलं आहे.

"सुनेचे लाड करून राहिली तू," सुमित्राबाई म्हणाल्या.

करून राहिली! एकच सून आहे मला.

रात्रपाळीला जाताना माझ्या पोराचा, अश्विनचा दुर्गवरून फोन. रेल्वेच्या सिग्नल खात्यात काम करतो, पण आवाज इंजिनासारखा. "आई, ते भंगार विकून टाक. मी रविवारी आलो की बोलतो."

३ डिसेंबर, मंगळवार

मोनाली औषध घेऊन झोपली होती. मी फ्रीव्हील उघडलं.

साध्या सायकलला फ्रीव्हील मागच्या चाकात असतं. हिच्या सायकलला समोर, पायडलच्या क्रँकवर. बाकी काम तेच. आत छोटे कुत्ते असतात, म्हणजे स्प्रिंगवर उभे राहणारे लोखंडी तुकडे. पायडल दाबलं की ते दातांत अडकतात आणि चाक ओढतात. दाबणं सोडलं की टिकटिक करत घसरतात.

आत पिवळं ग्रीस. ठासून भरलेलं. थंडीनं मेणासारखं घट्ट. सहापैकी चार कुत्ते त्यात आडवे रुतून बसलेले. उठतच नव्हते. उठले नाही तर अडकतील कुठून?

ते ग्रीस मी भरलं आहे. दिवाळीच्या आठवड्यात. मोनाली म्हणे, "आई, आवाज करते थोडा. करू द्या, असाच असते." मी म्हटलं, थांब, तुले मस्त लोण्यासारखी करून देतो. मागच्या चाकाच्या छर्ऱ्यांना, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांना भरतो तसं भरलं, वरून अजून एक बोट. पोरीला त्रास नको म्हणून.

अश्विनचे बाबा गेल्यापासून अकरा वर्षं हे दुकान चालवते. फुलचूरमध्ये कोणाच्या सायकलला मी हात लावला नाही? आणि घरच्या पोरीला पाडलं.

४ डिसेंबर, बुधवार

सांगितलं नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

पांढरी साडी नेसून बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ गेलो, दोघी. मोनाली लंगडत होती, तरी आली. मेणबत्त्या लावल्या. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं बोलणार नाही म्हणतो तिथं, माझा आवाजच निघाला नाही. बाजूला मोनाली हनुवटीला पट्टी बांधून स्पष्ट म्हणत होती.

पण मी खोटं कुठं बोलली? कोणी विचारलंच नाही. असं मनात म्हणून पाहिलं. जमलं नाही.

घरी आल्यावर तिनं सायकलवर ताडपत्री टाकली. दोरीनं बांधली पण.

८ डिसेंबर, रविवार

आज झालं ते नीट लिहून ठेवते.

अश्विन सकाळच्या गाडीनं आला. बायकोची हनुवटी पाहिली. जेवताना म्हणाला, "नागपूरचा ओमेश घेतो म्हणते सायकल. त्याच्या ट्रायल्सच्या क्लबासाठी. देऊन टाकू."

मला वाटलं, मोनाली आता भांडेल. तिनं भातात वरण कालवलं आणि म्हणाली, "द्या."

"अशी कशी द्या?" मीच म्हटलं.

"आई, माझा पायच चुकला असंल. दगड पाहून घाबरली असंन मी. आता त्या सायकलवर उभी राहाले पण भीती लागते. चुकी कुठं झाली तेच कळत नाही, तर स्पर्धेत काय करू?"

आठ दिवस ही पोर स्वतःला दोष देऊन राहिली होती! आणि मी माझी इज्जत सांभाळून बसली होती.

मी हात धुतला. म्हटलं, "तुझा पाय नाही चुकला. माझं ग्रीस चुकलं." सगळं सांगितलं. दिवाळीचं, मंगळवारी उघडलं त्याचं, आडव्या कुत्त्यांचं.

अश्विन पाहतच राहिला. "आई, तू?"

मोनालीनं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली, "मंगळवारी माहीत झालं तुम्हाले?"

"हो."

"मंगळवार ते रविवार. मी रोज तुमच्यासमोर बसत होती. काऊन नाही सांगितलं?"

"सासूनं पाडलं म्हणतील लोक—"

"लोकांचं नाही विचारून राहिली मी." उठली, ताट तसंच. ग्रीसबद्दल एक शब्द बोलली नाही.

अश्विन संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. जाताना म्हणाला, "आई, आता तुम्ही दोघी पाहा. मी विकायचं नाव घेत नाही."

९ डिसेंबर

बोलली नाही. चहा ठेवून गेली, साखर बरोबर होती.

१० डिसेंबर

बोलली नाही.

११ डिसेंबर, बुधवार

दुपारी दुकानात आली. स्टूल ओढलं. "दाखवा."

फ्रीव्हील धुवून, कागदावर एकेक भाग मांडून ठेवलं होतं मी. ती एकेक कुत्ता नखानं तपासत बसली. त्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. घसरून घसरून. आतल्या दातांची पण टोकं गेली होती.

"हे परत बसवलं तर?"

"उद्याच घसरंल," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

"मग नवीन घेऊ. पण यावेळी मी वाचीन आणि तुम्ही ऐकसान."

"ऐकतो."

"आणि काही बिघडलं तर त्याच दिवशी सांगसान."

"सांगतो वं माय!"

हसली. टाके ताणले म्हणून हनुवटी धरून हसली. मी ग्राहकाची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत बसली, डोळे लपवायला बरं.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळपासून मोबाईल घेऊन बसलो आहोत दोघी. माझा चष्मा, तिचं वाचन. बाहेरून, चेनसाठी अठरा दाती पाहिजे आणि समोरच्या क्रँकवर बसणारं, इतकं पक्कं. पुढं भांडण!

तिला एकशेआठ वालं पाहिजे. म्हणजे एका फेऱ्यात एकशेआठ जागी अडकते. पाय हलला की लगेच पकड. मला बहात्तर वालं बरं वाटते. पायडल थोडं जास्त फिरते पकड यायला, पण दात जाड.

"आई, उडीच्या वेळी तेवढं फिरणं पण जाणवते."

"जाणवू दे. बारीक दात तुटला तर त्यापेक्षा जास्त जाणवंल."

यावर ती विचार करत बसली. मग मी तिसरी गोष्ट विचारली, जी तिच्या डोक्यात नव्हती. याचे कुत्ते आणि स्प्रिंग सुटे मिळतात का? घरी उघडता येते का? तिनं शोधलं. एकशेआठ वालं बंद डबा, बिघडलं की फेका. बहात्तर वाल्याचा पूर्ण संच सुटा मिळतो, सहा कुत्ते, सहा स्प्रिंग.

"मजबूत म्हणजे न तुटणारं नाही," मी म्हटलं. "न तुटणारं मी अजून पाहिलं नाही. तुटलं तर फुलचूरमध्ये बसून दुरुस्त होते, ते मजबूत."

"बहात्तर," मोनाली म्हणाली. आणि संचासकट मागवलं.

२८ डिसेंबर, शनिवार

पार्सल कलकत्त्याला जाऊन बसलं आहे म्हणे. कायले गेलं तिकडं? टाके निघाले, गुडघ्याची सूज उतरली. ती रोज बिनासायकलीच्या उड्या मारते अंगणात. सुमित्राबाई कुंपणावरून पाहतात.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

आलं! तळहातात मावते, पण वजन आहे. कानाशी धरून फिरवलं. बारीक, स्वच्छ टिकटिक. मोनालीनं पण ऐकलं. मग परत मी.

आता जुन्याचं कवच क्रँकवरून काढायचं. ते आट्यांवर, म्हणजे पेचाच्या खाचांवर बसते आणि प्रत्येक पायडलनं अजून घट्ट होत जाते. वर्षभर मोनाली दगडांवर उड्या मारून ते आवळत होती. पाना वाइसच्या लोखंडी पकडीत आवळला, क्रँक त्यावर उलटा बसवला, लोखंडी पाइप लावून जोर केला. हलेना. रॉकेल सोडलं, चहा प्यायलो, परत जोर. हलेना.

"बाजूच्या लेथवाल्या चैतरामभाऊले बोलावू?" ती म्हणाली.

"कोणाले नाही. ये, तू पण पकड."

दोघी एकाच पाइपवर लटकलो. एक, दोन, तीन... कडाड्! सुटलं आणि आम्ही दोघी टायरांच्या ढिगात. ती माझ्यावर. मी म्हटलं, "लागलं का?" ती म्हणाली, "तुम्हाले लागलं का?" आणि मग हसू आवरेना. हवा भरायला आलेला माणूस तसाच परत गेला.

४ जानेवारी, शनिवार

बसवलं. आटे ब्रशनं साफ केले आणि त्यांना पातळ थर ग्रीसचा दिला. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"इथं लागते," मी म्हटलं. "नाही तर पुढच्या वेळी दोघी नाही, चौघी लागतील काढायले. आत मात्र पातळ तेल, चार थेंब."

"तीन," ती म्हणाली.

तीन टाकले. आधी हातानंच फिरवत नेलं. आटा वाकडा चढला तर क्रँक गेला. सरळ चढलं. चेन ओढून पाहिली, मागच्या चाकाशी रेषेत आहे. मग ब्रेक धरून तिनं पायडलवर उभं राहून दाबलं, फ्रीव्हील आवळून जागेवर बसलं. मी खडूनं खूण केली. परत दाबलं, खूण हलली नाही.

५ जानेवारी, रविवार

तोच दगड.

मी म्हटलं, आधी छोटा घे. "नाही," म्हणे. सायकलवर उभी राहिली आणि तशीच राहिली. उतरली. परत चढली. परत उतरली. ओठ पांढरे. मी जवळ गेली नाही. फक्त मनात मोजत होती, सहा कुत्ते, सहा स्प्रिंग, सगळे उभे होते, मी पाहिले होते, तिनं पण पाहिले होते.

चौथ्या वेळी चढली. मागचं चाक दबलं, पायडल पडलं, टक्! पकडलं! आणि मोनाली दगडावर. वरून ओरडली, "आई! पकडलं!"

मी खालून ओरडली, "ऐकलं वं, ऐकलं!"

२ फेब्रुवारी, रविवार

नागपूर. बायकांत सात जणी, मोनाली चौथी आली. लाकडाच्या ओंडक्यावर दोनदा पाय टेकला, तिथं गुण गेले. फ्रीव्हील एकदाही घसरलं नाही. ओमेशनं सायकल फिरवून पाहिली, विचारलं, "कोणी बसवलं?" ती म्हणाली, "आम्ही."

अश्विन रजा टाकून आला होता. शिट्टी एवढी वाजवली की पंचानं दम दिला.

गाडीत तिघंही झोपलो. आमचं स्टेशन, गोंदिया, आलं ते कळलं नाही, चहावाल्यानं उठवलं.

९ फेब्रुवारी, रविवार

अश्विनला दुर्गला क्वार्टर मिळाला. पुढच्या रविवारी दोघं तिकडं राहायला जाणार. मी म्हटलं, चांगलं झालं, नवरा-बायकोनं एका छताखाली राहावं. आणि कुकर पोत्यात गुंडाळायला घेतला.

मोनालीनं माझ्या हातातून कुकर काढून घेतला. "आणि तू इथं एकटी जेवशील? तू पण चाल, आई."

तिच्या लक्षातही आलं नाही. दीड वर्षात आज पहिल्यांदा मला तू म्हणाली.