एका बारला एक फेरी

५ जानेवारी, सोमवार

ऑफिसात दिवसभर एकच चर्चा. तंबाखूवर कर वाढणार. माझा जाहीर पाठिंबा. कर खात्यात लिपिक म्हणून जन्म गेला, माणसाला अक्कल कशानं येते हे मला कुणी सांगू नये. पुडीवरचे ते भयंकर फोटो बघून कुणी सुधारत नाही. महाग झालं की सुधारतो. शेजारच्या टेबलावरच्या राकेशला हे समजावत होतो तर तो हसायला लागला, कारण माझ्या तोंडात तंबाखूचा बार होता. तो स्वतः काही खात नाही, त्यामुळे या विषयातलं त्याला कळत नाही.

संध्याकाळी पुड्यांचा वर्षभराचा साठा करून ठेवला. सोडायचीच आहे, पण महागाईला घाबरून सोडली असं व्हायला नको.

८ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६

स्वतःवर घरगुती कर लागू केला. पैशात नाही. या खिशातून त्या खिशात, त्यानं काय दुखणार? कर दुखला पाहिजे. म्हणून एका बारला जॉगिंग ट्रॅकची एक फेरी.

२२ फेब्रुवारीला हर्षालीचा साखरपुडा. व्याही व्याह्याला पेढा भरवणार, फोटो निघणार. तोवर तोंड साफ हवं. एकुलती एक मुलगी आहे.

बायकोला, अंजलीला, योजना नीट समजावली. तर म्हणे, आधी दाताच्या डॉक्टरकडे जा, हल्ली पोळीसुद्धा कुस्करून खाता. धोरण तिला कळत नाही.

९ जानेवारी

थंडी फार. फेऱ्या थकबाकीत टाकल्या.

१२ जानेवारी, सोमवार

करात सुधारणा. जेवणानंतरचा बार पचनासाठी, म्हणजे औषधात मोडतो. माफ. ऑफिसातला बार सरकारी कामासाठी. माफ. सुपारी पूजेला लागते, तिच्यावर कर लावणं बरं दिसत नाही. उरला सकाळचा. त्याच्याशिवाय पोट साफ होत नाही, तेव्हा त्यावर विचार चालू आहे.

१८ जानेवारी, रविवार

राकेश आणि मी मिसळ खायला गेलो. रस्सा जहाल केलाय. पहिल्याच घासाला तोंडाची आग आग. मालकाला सुनावलं. तो म्हणाला, काका, मसाला तोच हाय, वडलांपासूनचा. माझा रस्सा राकेशनं संपवला, घाम पुसत पुसत. मी पाव दह्यात भिजवून खाल्ला. पावही हल्ली नको इतके जाड करतात.

२४ जानेवारी, शनिवार

हर्षाली पुण्याहून आली. मोबाइलवर काहीतरी वाचलंय. तीन बोटं उभी धरून तोंडात गेली पाहिजेत. तिची गेली. अंजलीची गेली. माझी दोनच गेली. मी म्हटलं, माझी बोटं जाड, तुझ्या आजोबांवर गेलोय. मग तिनं स्वतःची बोटं माझ्या तोंडाशी आणली. तिचीही दोनच गेली. थंडीत जबडा आखडतो, म्हटलं. ती हात धुवायला गेली.

डावा गाल आतून बधीर आहे, हे तिला सांगितलं नाही. दुखत नाही ना, मग काय सांगायचं.

१ फेब्रुवारी, रविवार

नवा कर लागला. साठा असल्यानं मला झळ नाही. तरी मुद्दाम मंगळूच्या पानटपरीवर गेलो, परिणाम बघायला. मंगळू म्हणाला, कॉलेजच्या दोन पोरांनी सोडली साहेब, एक रिक्षावाला निम्म्यावर आला, माझा लय तोटा हाय. त्याचं सांत्वन केलं. पण मनातून समाधान वाटलं. मी म्हणत होतो तसंच झालं. त्या आनंदात तिथंच एक बार भरला. तो हिशेबात धरत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

फेऱ्यांची थकबाकी मोजण्यापलीकडे गेली. अशा वेळी अभय योजना आणतात, जुनं सगळं माफ करून पुढं बघतात. आणली. सगळ्या फेऱ्या माफ. एकदम हलकं वाटलं. एकही फेरी न मारता इतकं बरं वाटतं म्हणजे योजना चांगली आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

शेवटचा बार. उघडलेली पुडी टाकवेना, म्हणून तीही संपवली.

२२ फेब्रुवारी, रविवार

साखरपुडा झाला. व्याही सावळीराम, देवळ्याचे, कांद्याचे व्यापारी. दिलदार माणूस. पेढेही तसेच, मुठीएवढे. मी भरवला, त्यांनी अख्खा घेतला. मग त्यांनी मला भरवला. पेढा दाताशी येऊन थांबला. फोटोग्राफर म्हणाला, काका, आ करा. व्याही म्हणाले, लाजता काय, उघडा की तोंड, आपलीच मान्सं हायेत सगळी. मी उघडलंच होतं. तेवढंच उघडतं. मांडव हसला. मीही हसायला गेलो.

हर्षाली हसली नाही. तिनं व्याह्यांच्या हातातला पेढा घेतला, तळहातावर कुस्करला, आणि चिमूट करून माझ्या गालात सोडला. मी बार सोडतो तसा.

फोटो छान आलेत म्हणतात. मी बघितले नाहीत.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांनी डाव्या गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला. म्हणाले, इंजेक्शन थोडं टोचेल. टोचलं नाही. कधीपासून बधीर आहे, विचारलं. मी म्हटलं, दिवाळीपासून. अंजली माझ्याकडे बघत राहिली. हर्षाली सुट्टी वाढवून थांबली आहे.

रिपोर्ट सोमवारी. लग्न मे महिन्यात.

साठा अंजलीनं कचऱ्याच्या गाडीत टाकला. गालातल्या जखमेमुळे मला बोलता येत नव्हतं. संध्याकाळी ट्रॅकवर गेलो. अंजली शेजारून चालत होती. मला खूप भीती वाटत होती. एक फेरी पूर्ण केली. कुठल्या बारची, कळेना. थकबाकी तर मीच माफ केली होती.