चेंडूला हात न लावलेला खेळाडू

१० ऑगस्ट १९९०, शुक्रवार

मला विचारलंसुद्धा नाही! दुपारी दार उघडलं तर ह्यांच्यामागे चौकटीएवढा माणूस. वाकून आत आला. "श्यामला, हा वेंडेल. आमच्या प्लँटवर सेफ्टीला असतो. चार दिवस राहील."

इराकने कुवेत बळकावून आठ दिवस झाले. बाहेर इराकी शिपाई अमेरिकनांना हुडकताहेत, आणि हे त्याला मागच्या सीटवर चादरीखाली झोपवून शुऐबाच्या प्लँटवरून इथे महबूल्याला घेऊन आले. वाटेत दोन चौक्या. एवढा डोंगर कोणालाच दिसला नाही? मला पटत नाही.

लेक नेहा सुट्टीला रत्नागिरीला आजीकडे गेलेली. देवाने तेवढं एक बरं केलं.

१४ ऑगस्ट

चार दिवस झाले. गेला नाही. मागच्या खोलीत पडदे ओढून बसतो. लंगडतो, पण पावलाचा आवाज होऊ देत नाही. एवढं वजन आणि आवाज नाही – कुठे शिकला हे?

चहा देताना विचारलं, प्लँटवर यायच्या आधी काय करत होतास? म्हणाला, फुटबॉल खेळायचो. नऊ वर्षं, पगारी.

म्हटलं, गोल किती केलेस?

"एकही नाही. माझ्या जागेवरच्या माणसाने चेंडूला हात लावायचाच नसतो."

हात! फुटबॉलमध्ये!

ह्यांना स्वयंपाकघरात ओढून सांगितलं, हा खोटं बोलतोय. हे म्हणाले, "त्यांचा फुटबॉल वेगळा असतो गं." ह्यांनी तरी कुठे पाहिलाय?

२२ ऑगस्ट, बुधवार

सकाळी तो खिडकीशी होता. पडद्याच्या फटीतून रस्त्याकडे बघत होता, मांडीवर छोटी वही. मला पाहून वही मिटली.

आंघोळीला गेला तेव्हा उघडली. होय, उघडली! माझं घर आहे. आत गावांची नावं आणि आकडे. डेट्रॉइट ३. विनिपेग ११. मेम्फिस १९. असं पानभर. खाली रस्त्यावरून लष्करी ट्रक जात होते. मी मोजले. अकरा!

हेर आहे. आणि माझ्या बाथरूममध्ये आंघोळ करतोय.

२३ ऑगस्ट

सरळ त्याच्यापुढे वही टाकली. हे मध्ये पडायला लागले, त्यांना म्हटलं तुम्ही गप्प बसा.

रागावला नाही. म्हणाला, ज्या ज्या गावाच्या संघात होतो ती गावं. पुढे तिथे खेळलेल्या मॅचेस. सगळ्या मिळून एकसष्ट. बसल्या बसल्या एकेक आठवून लिहितो, नाहीतर डोकं फिरेल.

"नऊ वर्षांत एवढंच?"

"एवढंच." कुठेतरी कोणाचा पाय मोडला की ह्याला फोन. पायवाला बरा झाला की ह्याला नारळ. मग दुसरं गाव, दुसरी भाड्याची खोली. डेट्रॉइटने तर दोनदा घेतला आणि दोनदा काढला. काम एकच: समोरचा धावून येईल त्याला छातीने अडवायचं. मागे जो चेंडू फेकतो त्याच्यापर्यंत कोणाला पोचू द्यायचं नाही.

पेपरात नाव यायचं का, असं विचारलं.

"चूक केली तर."

बेरीज करून पाहिली. एकसष्टच होते. पण बेरीज काय, कोणीही जुळवून ठेवील.

२७ ऑगस्ट

रेडिओवर सांगितलं: परदेशी माणसाला लपवणाऱ्याला फाशी. ह्यांनी रेडिओ बंद केला.

३ सप्टेंबर, सोमवार

आज त्याला उठताच येईना. डावा गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. मी फिजिओथेरपिस्ट, मला बघवेना. बस म्हटलं, पँट वर कर.

दोन्ही गुडघ्यांना शस्त्रक्रियेचे व्रण, डाव्याला तीन. एका व्रणावर दुसरा. हाताची चार बोटं मोडून वाकडीच जुळलेली. बारा वर्षं मी लोकांचे सांधे हाताळते आहे. माणूस खोटं बोलेल, गुडघा कसा बोलेल?

बर्फाने शेकताना म्हणाला, सकाळी सहाला दारावर टकटक झाली की समजायचं, काढलं. एक माणूस यायचा, नेहमी खाली बघून बोलायचा. सामान बांधायला वीस मिनिटं लागायची. शेवटच्या वर्षी तर सामान सोडलंच नव्हतं, म्हणाला. आणि हसला.

मीही हसले. ह्या घरात पंचवीस दिवसांत पहिल्यांदा कोणी हसलं.

९ सप्टेंबर

खुबूसच्या, म्हणजे इथल्या रोटीच्या, रांगेत तिसऱ्या मजल्यावरचे गुरुप्रसाद मागे उभे होते. बँकेतले. कधी फार बोलत नाहीत. आज म्हणाले, "वहिनी, दोन माणसांना रोज आठ?"

म्हटलं, फ्रिजमध्ये ठेवते. "बरोबर, ठेवायलाच हवं," म्हणाले. पण बघत होते पिशवीकडे.

बँका बंद आहेत. मग हा माणूस रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जातो कुठे?

१२ सप्टेंबर, बुधवार

अम्मानला बसेस सुटताहेत. तिथून मुंबईचं विमान. आपल्या लोकांना इराकी अडवत नाहीत. आमचीही नावं यादीत आहेत, मंगळवारच्या बसला.

हे म्हणतात, त्याला टाकून कसं जायचं? म्हटलं, नेहाला टाकून कसं राहायचं? म्हणाले, अजून एक आठवडा थांबू. मी ओरडलेच. "तो तरी राहील ह्या घरात, नाहीतर मी तरी! मंगळवारी मी एकटी जाईन." भिंतीपलीकडे त्याला ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

हे गच्चीत जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "बघतो काहीतरी."

१५ सप्टेंबर, शनिवार

नेला त्याला.

सकाळी हे बाहेर जाऊन आले. म्हणाले, आज आपल्या इमारतीत घरोघर तपासणी आहे, बाहेर ऐकलं. वेंडेल, तू छतावर टाक्यांच्या मागे जाऊन बस. वेंडेलने ह्यांच्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला. माझा हात हातात घेतला, थँक्यू म्हणाला, आणि मोजे घालून जिना चढला.

अर्ध्या तासात शिपाई आले. मी दाराच्या भोकातून बघत होते. एकाही दारावर थाप नाही! सरळ वर. खाली आले तेव्हा तो मध्ये, हात डोक्यावर, एकेक पायरी तिरका पाय टाकत. आमच्या दाराकडे वळूनही पाहिलं नाही.

छत त्यांना कोणी सांगितलं? शिपाई गेल्यावर मी जिन्यात डोकावले, तर तिसऱ्या मजल्यावर गुरुप्रसाद दार उघडून उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालून! मी पाहिलं.

हे जेवले नाहीत. मीही नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार

बस सुटायच्या जागी गुरुप्रसाद बॅग घेऊन उभे. आमच्याच बसच्या यादीत. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, ह्या माणसाने एका माणसाला पकडून दिलंय. आपल्यात हा नको. वाटेत कोणाचं काय सांगेल!

लोक घाबरलेलेच होते. कोणी म्हणालं चढू देऊ नका, कोणी बॅग बाजूला काढली. "वहिनी, मी नाही हो सांगितलं," म्हणाले. "दोन महिन्यांचा मुलगा आहे गावाला, अजून पाहिलेला नाही." हे माझा दंड धरून "पुरे, श्यामला, पुरे" म्हणत राहिले. पण त्यांना चढू द्या असं काही म्हणाले नाहीत.

बस सुटली. ते तिथेच उभे. मला वाईट वाटलं नाही.

३० सप्टेंबर, रत्नागिरी

नेहा गळ्यात पडली. उंच झालीय. हे तिच्याशीसुद्धा फार बोलत नाहीत.

१७ जानेवारी १९९१

लढाई सुरू झाली. कुवेतवर बाँब पडताहेत.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

वेंडेलचं पत्र! जिवंत आहे. इराकात एका कारखान्यात डांबून ठेवलं होतं, डिसेंबरात सोडलं. शेवटी लिहिलंय: "रविकांतला सांगा, मनाला लावून घेऊ नकोस. छतावर जा म्हणाला तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही दोघं सुटावंत म्हणून गेलो."

पत्र ह्यांच्यापुढे ठेवलं. वाचलं, घडी घातली. म्हणाले, "त्या सकाळी चौकीवर मीच गेलो होतो."

गुरुप्रसाद अजून कुवेतमध्येच आहेत. असतील तर.